इंग्लंडमध्ये नव्याने येणाऱ्या मराठी ख्रिस्ती बंधुभगिनींसाठी : घराजवळची मंडळी पहिल्याच महिन्यात धरा

अहिल्यानगर, मिरज, पुणे किंवा वसईहून नर्स अथवा विद्यार्थी म्हणून इंग्लंडमध्ये येणाऱ्या आपल्या लोकांना बँकेचे खाते, भाड्याचे घर आणि जीपीकडील (घराजवळच्या सरकारी डॉक्टरकडील) नोंदणी यांविषयी सांगणारे पुष्कळ भेटतात, म्हणून त्या विषयांत मी शिरत नाही. घराजवळच्या मंडळीत, म्हणजे तेथील चर्चच्या समुदायात, दर रविवारी उपासनेला जाण्याचा नेम पहिल्याच महिन्यात धरावा, हे मात्र कोणी सांगत नाही. अनेक वर्षे येथे राहून नव्या कुटुंबांना स्थिरावताना आणि काहींना एकाकी पडताना पाहिल्यावर, हीच गोष्ट सर्वांत आधी सांगावी असे मला वाटते.

सर्वांत महाग पडणारी चूक म्हणजे फोनवर गावाकडच्या मंडळीची उपासना पाहून रविवार पार पडला असे मानणे. तेथील पाळकसाहेबांचा आवाज ओळखीचा असतो, ‘उपासना संगीता’तील गीते कानावर पडतात, डोळे भरून येतात, आणि आपण उपासनेत होतो असे मनापासून वाटते. परंतु त्या उपासनेत तुम्ही नव्हता. तुम्ही ती पाहिली. प्रभुभोजनाची भाकर व प्याला फोनमधून हाती येत नाही आणि शेजारच्या बाकावरील विधवेची विचारपूस फोनवरून होत नाही. इब्री लोकांस पत्राच्या 10 व्या अध्यायातील 25 व्या वचनात एकत्र मिळणे सोडू नका असे बजावले आहे, ते एकमेकांना धीर देता यावा म्हणून, आणि ज्याचे नावही कोणाला ठाऊक नाही त्याला धीर कोण देणार? परदेशात आई किंवा वडील गेल्याचा फोन मध्यरात्री येतो, तिकीट मिळत नाही, अंत्यविधी चुकतो. अशा दिवशी दारात येऊन प्रार्थना करणारा कोणी नसणे ही फार मोठी किंमत आहे. ती किंमत मोजणारी कुटुंबे मी पाहिली आहेत, आणि त्यांतील बहुतेक फोनवरची उपासना एकदाही न चुकवणारी होती. आजारपणात फोनवर उपासना अवश्य पाहावी. धडधाकट असताना तिला मंडळीची जागा देऊ नये.

कोणत्या चर्चला जावे, हा प्रश्न वाटतो तितका अवघड नाही. आपल्यांतील अनेकांची चर्च ऑफ नॉर्थ इंडिया ही 29 नोव्हेंबर 1970 रोजी नागपूर येथे सहा मंडळ्यांच्या एकीकरणातून स्थापन झाली, आणि तिचा चर्च ऑफ इंग्लंडशी पूर्ण सहभागितेचा संबंध आहे. त्यामुळे आपला बाप्तिस्मा व दृढीकरण (कन्फर्मेशन) येथे मान्य असते. मेथडिस्ट चर्चमध्येही आपले स्वागत होते. काँग्रिगेशनल पंथाच्या अमेरिकन मराठी मिशनच्या परंपरेत वाढलेल्यांना युनायटेड रिफॉर्म्ड चर्च जवळचे वाटेल, कारण इंग्लंडमधील काँग्रिगेशनल व प्रेस्बिटेरियन मंडळ्या 1972 मध्ये एकत्र येऊन ते झाले. वसईच्या कॅथलिक कुटुंबांनी आपल्या धर्मग्रामाची चौकशी करून नावनोंदणी करावी. इंग्लंडमधील प्रत्येक घर चर्च ऑफ इंग्लंडच्या कोणत्या ना कोणत्या पॅरिशमध्ये, म्हणजे स्थानिक चर्चच्या हद्दीत, मोडते, म्हणून जवळ चर्च नाही ही सबब सहसा टिकत नाही. येताना बाप्तिस्म्याचा दाखला आणि पाळकसाहेबांचे सभासदत्वाचे पत्र सोबत आणावे.

पहिल्या रविवारी निराशा होण्याचा संभव आहे, हे आधीच सांगतो. पुष्कळ ठिकाणी थोडीच माणसे, बहुतेक वृद्ध, आणि गीतांची लय आपल्या कानांना संथ वाटणारी. ‘येथे जिवंतपणा नाही’ असे म्हणत आपले लोक दर महिन्याला चर्च बदलतात, आणि ही सवय मला अजिबात मान्य नाही. इंग्रज माणूस पहिल्या भेटीत घरी बोलावत नाही. तो तुम्ही पुन्हा येता का हे पाहतो. उपासनेनंतरच्या चहाला थांबावे, कारण खरी ओळख तेथेच होते. दोनतीन महिने न चुकता गेल्यावर हीच अबोल माणसे आजारपणात जेवण घेऊन दारात उभी राहतात. वेळेच्या पाच मिनिटे आधी बसावे. उशिरा येण्याची आपली पद्धत येथे अनादर समजली जाते.

येथील एखादी शिकवण पटली नाही, तर तेवढ्यावरून मंडळी सोडण्याची गरज नाही. पंडिता रमाबाईंचा बाप्तिस्मा 29 सप्टेंबर 1883 रोजी याच देशात, वाँटेज येथे झाला. तेथील ज्या धर्मभगिनींनी (नन्सनी) त्यांना आश्रय दिला, त्यांच्याशी त्यांनी धर्मसिद्धांतांवर पत्रांतून निर्भीडपणे वाद घातला. श्रद्धेने सहभागी होणे आणि स्वतःचे मत राखणे या दोन्ही गोष्टी एकत्र नांदू शकतात.

नर्सभगिनींची अडचण खरी आहे, कारण साडेबारा तासांच्या पाळीनंतर शरीर उठत नाही. वॉर्डची ऑफ-ड्यूटी, म्हणजे पाळ्यांचे वेळापत्रक, काही आठवडे आधी ठरते, तेव्हाच महिन्यातील निदान दोन रविवार मागून घ्यावेत आणि कारण संकोच न करता सांगावे. पुष्कळ पॅरिशमध्ये सकाळी 8 ची छोटी प्रभुभोजनाची उपासना किंवा आठवड्याच्या मध्ये एखादी उपासना असते; कॅथलिकांना शनिवारी संध्याकाळची मिस्साही चालते.

महिन्यातून एकदा भरणाऱ्या मराठी सहभागितेला जरूर जावे; आपल्या भाषेतील प्रार्थनेची भूक मीही जाणतो. पण ती मंडळी नव्हे. तेथे गावाकडचे हेवेदावे आणि कोण कोणत्या मिशनचा हा हिशेबही येतो, आणि मुलांना तर तेथे समवयस्क सोबती क्वचितच मिळतात. दशांश थेट आपल्या खात्यात मागणाऱ्या फिरत्या उपदेशकांपासून दूर राहावे. देणगी स्थानिक मंडळीला बँकेतून द्यावी. तुम्ही पुरेसा आयकर भरत असाल आणि गिफ्ट एड या देणगीवरील करसवलतीच्या योजनेचा फॉर्म भरला, तर प्रत्येक पौंडामागे सरकार 25 पेन्स अधिक देते.

शाळेविषयी एक इशारा. चर्चच्या अनेक शाळा प्रवेशासाठी नियमित उपस्थितीची पाळकांकडून खात्री मागतात. प्राथमिक शाळेच्या अर्जाची मुदत 15 जानेवारी असते, आणि डिसेंबरमध्ये प्रथमच चर्चमध्ये उगवणारे पालक तेथील सर्वांच्या लक्षात येतात. केवळ प्रवेशासाठी देवाच्या घरी जाणे मला दुःखद वाटते. आधीपासून मनापासून जाणाऱ्याला त्या कागदाची चिंता करावी लागत नाही.

सहा महिने नियमित गेल्यावर, पॅरिशबाहेर राहत असलात तरी, चर्च ऑफ इंग्लंडच्या मंडळीच्या इलेक्टोरल रोलमध्ये (मतदार यादीत) नाव घालता येते, आणि मग वार्षिक सभेत मत देता येते. ते नाव अवश्य घालावे. संडे स्कूलमध्ये शिकवायचे असेल तर पोलीस नोंदींची तपासणी होते; ती सर्वांचीच होते, त्यात अपमान मानू नये. नोकरी बदलून दुसऱ्या शहरी जाताना व्हिकरना (पॅरिशच्या पाळकांना) महिनाभर आधी सांगावे, म्हणजे ते तेथील मंडळीला कळवू शकतात, आणि नव्या घरात सामान उघडायचे राहिले असले तरी पहिल्याच रविवारी तेथे हजर राहावे.