छोट्या विमानाला प्रोपेलर कसा निवडावा: इंदूरच्या हवेचा हिशेब धरून

मोटर, बॅटरी आणि रिमोटवर हजारो रुपये घालायचे आणि प्रोपेलर मात्र दुकानदार देईल तो लावायचा, असं मॉडेल विमानांच्या बाबतीत सर्रास होतं. मोटरची सगळी ताकद शेवटी त्या दोन पात्यांमधूनच हवेत जाते. पाती चुकली की मोटर तापते, बॅटरी लवकर संपते आणि एवढं होऊनही विमान रडतखडतच चढतं.

हे मार्गदर्शन रेडिओवर चालणाऱ्या, १ ते १.५ किलोच्या इलेक्ट्रिक विमानासाठी आहे. हिशेबाला एक विमान धरू: वजन १,२०० ग्रॅम, पंखांचं क्षेत्रफळ २६ चौरस डेसिमीटर, ९५० केव्हीची मोटर (केव्ही म्हणजे दर व्होल्टला मिनिटाला किती फेरे), ३ सेलची २,२०० एमएएच लायपो (लिथियम पॉलिमर) बॅटरी आणि ३० अँपिअरचा ईएससी, म्हणजे मोटरचा वेग सांभाळणारा इलेक्ट्रॉनिक कंट्रोलर. आपल्या विमानाचे आकडे यांच्या जागी घालायचे.

पात्यावरचे आकडे

मध्याजवळ '१०×५' असं कोरलेलं असतं. पहिला आकडा व्यास, म्हणजे एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत १० इंच. दुसरा पिच. लाकडात स्क्रू फिरवला की तो एका फेऱ्यात ठरावीक अंतर आत जातो, तसा हा प्रोपेलर अजिबात न घसरता फिरला तर एका फेऱ्यात ५ इंच पुढे जाईल. पुढे 'ई' असेल तर तो इलेक्ट्रिक मोटरसाठी, 'एसएफ' असेल तर स्लो-फ्लाय, म्हणजे हळू उडणाऱ्या हलक्या विमानांसाठी. अक्षरांची बाजू नेहमी विमान ज्या दिशेने जातं त्या दिशेला ठेवायची. उलटा बसवलेला प्रोपेलरही विमान ओढतो, पण कमी. म्हणून ही चूक चटकन लक्षात येत नाही आणि दोष मोटरवर जातो.

जास्त थ्रस्ट म्हणजे चांगला प्रोपेलर नव्हे

मोटरसोबत येणाऱ्या तक्त्यात थ्रस्टचा, म्हणजे प्रोपेलर विमानाला ज्या जोराने खेचतो त्याचा, आकडा ठळक छापलेला असतो. तो विमान जागेवर उभं असतानाचा. कार्यक्षमता म्हणजे थ्रस्ट गुणिले विमानाचा वेग, भागिले प्रोपेलरला दिलेली ताकद. वेग शून्य, तर कार्यक्षमताही शून्यच. म्हणून तक्त्यातला सगळ्यात मोठा आकडा बघून घेतलेला कमी पिचचा प्रोपेलर जमिनीवर जोरात खेचतो आणि हवेत वेग वाढला की त्याचा दम संपतो.

थोडी हवा जोरात मागे फेकण्यापेक्षा जास्त हवा सावकाश ढकलणं नेहमी स्वस्त पडतं. विमान सेकंदाला १२ मीटर जात असेल आणि मागचा झोत १८ मीटरचा असेल, तर आदर्श कार्यक्षमता ८० टक्के येते. तेच विमान तेवढ्याच वेगाने नेताना झोत २४ मीटरचा झाला तर ती ६७ टक्क्यांवर उतरते. खऱ्या पात्यांना हवेचं घर्षणही सोसावं लागतं, त्यामुळे प्रत्यक्षातले आकडे याहून कमीच असतात. राइट बंधूंनी १९०३ मध्ये जेमतेम १२ अश्वशक्तीच्या इंजिनावर साडेआठ फुटांचे दोन प्रोपेलर साखळीने, इंजिनापेक्षा हळू फिरवले, ते याच कारणाने.

तेव्हा क्रम असा: आधी विमानाचा वेग, त्यावरून पिच, मग मोटर आणि जमीन परवानगी देतील तेवढा मोठा व्यास. बहुतेक जण हा क्रम उलटा लावतात.

पायरी १: विमानाचा वेग काढा

वजन (ग्रॅम) भागिले पंखांचं क्षेत्रफळ (चौरस डेसिमीटर). आपल्या उदाहरणात १,२०० ÷ २६ = ४६. याचं वर्गमूळ ६.८, त्याला ४.५ ने गुणा: सुमारे ३० किमी प्रतितास. हा स्टॉलचा वेग, म्हणजे याखाली पंख विमान पेलत नाहीत. गुणक ४.५ घेताना इंदूरची उन्हाळ्यातली हवा धरली आहे. नेहमीचं उड्डाण स्टॉलच्या दीडपट वेगाने, म्हणजे ४५ किमीच्या आसपास होतं.

पायरी २: पिच ठरवा

मोटरचे मिनिटाला होणारे फेरे आधी हवेत. केव्ही गुणिले व्होल्ट: ९५० × ११.१ = साधारण १०,५००. हे मोकळ्या मोटरचे. प्रोपेलर लावल्यावर त्यातले ७५ ते ८० टक्के उरतात, म्हणून ८,००० धरा. पिच (इंच) × फेरे × ०.००१५ केलं की पिचचा वेग, म्हणजे प्रोपेलर न घसरता गेला तर होणारा वेग, किमी प्रतितासात मिळतो.

५ इंच पिच: ६० किमी. ६ इंच: ७२ किमी. ८ इंच: ९६ किमी.

शिकाऊ विमानाला पिचचा वेग स्टॉलच्या दोन ते अडीचपट हवा, म्हणजे इथे ६० ते ७५. त्यामुळे ५ किंवा ६ इंच. माळव्यात मे महिन्यात दुपारी पश्चिमेचा जोरदार वारा असतो. समोरच्या वाऱ्यात ५ इंच पिचचं विमान जागच्या जागी झुलत राहतं, तेव्हा ६ इंच बरा. ८ इंचाचा मोह टाळा. कमी वेगात त्याची पातीच स्टॉल होतात: करंट भरपूर, आवाज खरखरीत, आणि हाताने फेकलेलं विमान सरळ खाली.

पायरी ३: व्यास

चुकीची सगळ्यात मोठी किंमत इथे मोजावी लागते. फेरे तेच ठेवून १०×५ च्या जागी ११×५.५ लावला, तर थ्रस्ट १.४६ पट होतो, पण लागणारी ताकद १.६१ पट. एक इंचाने काय होतंय, असं म्हणून ईएससी जाळून घेणारे पुष्कळ आहेत. प्रत्यक्षात मोटर थोडी मंदावते, त्यामुळे ताकद पूर्ण ६१ टक्के वाढत नाही, पण करंटचा काटा चांगलाच चढतो. मोठा व्यास खरोखरच कार्यक्षम असतो, पण तो पेलायला कमी केव्हीची मोटर लागते. १,४०० केव्हीच्या मोटरवर ११ इंच लावून कार्यक्षमता मिळत नाही, धूर मिळतो.

दुसरी मर्यादा जमिनीची. विमान उड्डाणाच्या सरळ स्थितीत धरून मोटरच्या मध्यापासून जमिनीपर्यंत मोजा आणि त्यातून २५ मिमी वजा करा. जे उरलं ती त्रिज्या. १० इंचाच्या प्रोपेलरला १२७ मिमी त्रिज्या लागते. गव्हाच्या कापणीनंतरच्या शेतात उडवत असाल तर आणखी १० मिमी सोडा. काळ्या मातीचं वाळलेलं ढेकूळ पात्याला दगडासारखं लागतं.

जागा कमीच असेल तर तीन पात्यांचा प्रोपेलर घेता येतो, व्यास एक इंचाने कमी करून. तीन पाती दिसायला छान, पण सारखीच ताकद दिली तर मोठ्या व्यासाची दोन पाती सहसा जास्त काम करतात. जागा असताना तीनच्या मागे लागू नये.

पायरी ४: फेऱ्यांची मर्यादा तपासा

स्लो-फ्लाय प्रोपेलर पातळ, हलका आणि स्वस्त असतो, म्हणून हमखास घेतला जातो. एपीसी या कंपनीच्या स्लो-फ्लायची मर्यादा ६५,००० भागिले व्यास इंचात. १० इंचाला ६,५०० फेरे. आपली मोटर ८,००० फिरवते, म्हणजे तो इथे बाद. जास्त फेऱ्यांवर त्याची पाती पिळवटतात, फडफडतात आणि मुळाशी तुटूही शकतात. ड्रोनसाठीचे लवचीक १०४५ प्रोपेलरही याच कारणाने टाळा. या विमानाला 'ई' मालिकेतले ९×६, १०×५ आणि १०×६ असे तीन आणून ठेवावेत.

पायरी ५: तोल

नवा प्रोपेलर थेट लावू नका. साच्यातून निघताना मागच्या कडेला राहिलेली धारदार रेघ बोटाला कापते. ४०० नंबरच्या पॉलिश पेपरने ती आधी काढा. मग भोकात घट्ट बसणारी सरळ सळई घालून ती दोन समान उंचीच्या ब्लेडच्या धारेवर आडवी ठेवा. जे पातं खाली जातं ते जड. त्याच्या मागच्या सपाट बाजूला, टोकाकडे, दहा-बारा हात मारा आणि पुन्हा बघा. पुढची गोल कड घासायची नाही, तिथला आकार गेला की कार्यक्षमताही गेली. घासणं नको असेल तर हलक्या पात्याच्या मागे सेलोटेपचा छोटा तुकडा पुरतो.

भोक आणि अडॅप्टरची मापंही जुळवा. एपीसीच्या या आकाराच्या प्रोपेलरचं भोक बहुधा ६.३५ मिमी असतं, अडॅप्टर ५ किंवा ६ मिमीचा. सोबतची प्लास्टिकची रिंग घातली नाही तर कितीही तोल साधला तरी तो लंगडाच फिरतो.

पायरी ६: जमिनीवर मोजणी

बॅटरी आणि ईएससीच्या मध्ये वॉटमीटर लावा. बॅटरी पूर्ण भरलेली, १२.६ व्होल्ट, कारण करंट तेव्हाच सर्वाधिक असतो. विमान गुळगुळीत फरशीवर ठेवा, शेपटीकडून मजबूत दोरी लटकत्या डिजिटल वजनकाट्याला आणि काटा खिडकीच्या गजाला बांधा. माणसं विमानाच्या मागे, प्रोपेलरच्या रेषेत कोणीही नाही. पूर्ण थ्रॉटल १० सेकंदांपेक्षा जास्त नको.

मोटर आणि ईएससी यांपैकी ज्याची मर्यादा कमी, तिच्या ८० टक्क्यांच्या आत करंट हवा. वर गेला तर पिच एक इंच कमी करा, तरी भागलं नाही तर व्यास. काट्यावर वजनाच्या ५० ते ७० टक्के, म्हणजे ६०० ते ८४० ग्रॅम थ्रस्ट दिसला की शिकाऊ विमानाला पुरे. ईएससीची जोडणी किंवा रिमोटचं सेटिंग करताना मात्र प्रोपेलर काढूनच ठेवायचा. यात कसलीही सूट नाही.

इंदूरच्या हवेचं काय?

शहर समुद्रसपाटीपासून सुमारे ५५० मीटरवर आहे. हिवाळ्यात सकाळी १२ अंशांना इथल्या हवेची घनता घनमीटरला सुमारे १.१६ किलो, मे महिन्यात ४० अंशांना १.०५ च्या आसपास. प्रमाणित समुद्रसपाटीची १.२२५. म्हणजे कंपनीच्या तक्त्यातल्या थ्रस्टमधून उन्हाळ्यात सुमारे १४ टक्के आधीच वजा करून ठेवा. विरळ हवेत करंटही थोडा कमी दिसतो, पण मोटर थंड करायला ४० अंशांचीच हवा असते. जानेवारीत बसवलेला प्रोपेलर मेमध्ये पुन्हा मोजा, आणि उतरल्यावर मोटरवर बोट पाच सेकंद टेकवता येत नसेल तर एक माप खाली या.

जागेबाबत: सुपर कॉरिडॉरच्या विमानतळाकडच्या टोकाला मोकळी जमीन दिसते, पण विमानतळाजवळ परवानगीशिवाय उडवता येत नाही. महूची छावणीही ध्यानात ठेवा. डिजिटल स्काय या ड्रोनसाठीच्या सरकारी संकेतस्थळाच्या नकाशावर हिरवा भाग बघूनच मैदान ठरवा.

शेवटची निवड हवेत

दोन प्रोपेलर उरले की एकाच सकाळी, वारा उठण्याआधी, दोन्ही उडवा. प्रत्येकी पाच मिनिटं, तोच चौकोनी फेरा, साधारण तोच वेग, दोन्ही वेळा पूर्ण भरलेली तीच बॅटरी. दोन उड्डाणांच्या मधे ती थंड होऊ द्या, मगच चार्जरला लावा, आणि चार्जर किती एमएएच परत भरतो ते पात्याच्या मागे मार्करने लिहून ठेवा. ज्याने कमी खाल्लं तो तुमच्या विमानाचा प्रोपेलर. दर काही उड्डाणांनी त्याच्या पुढच्या कडेवरून नख फिरवा. नख अडकेल एवढा खवला दिसला किंवा मुळाशी पांढरी रेघ दिसली, की तो चिकटवत बसू नका. कापून टाका, म्हणजे चुकून पुन्हा लावला जाणार नाही.