वचन सुटं वाचू नका, ‘तू’ की ‘तुम्ही’ ते आधी बघा

सकाळी व्हॉट्सअ‍ॅपवर फुलांच्या चित्रासकट बायबलमधली एखादी ओळ, म्हणजे वचन, येतं आणि आपण ते आपल्याच नावाचं पत्र समजून पुढे पाठवतो. तसं करण्याआधी पवित्र शास्त्र, म्हणजे बायबल, उघडा आणि निदान तो अध्याय पूर्ण वाचा. पत्र असेल तर अख्खं पत्र. पौलाचं फिलिप्पैकरांस पत्र चारच अध्यायांचं आहे, चर्चगेटहून अंधेरी येईपर्यंत आरामात होतं. वचनांच्या आकड्यांवर थांबू नका. नव्या करारात, म्हणजे बायबलच्या दुसऱ्या भागात, ते 1551 साली छापताना पडले, पौलाने टाकलेले नाहीत.

मग कोण, कोणाला, कुठल्या प्रसंगी बोलतोय ते समासात लिहा. दोन मिनिटांचं काम.

खरी गोची पुढे आहे. वचनातला ऐकणारा एक आहे की अनेक? इंग्रजीतून वाचणाऱ्याला दोन्हीकडे ‘यू’ दिसतं. मराठी वाचणाऱ्याला हा फरक आयता मिळतो, तरी आपण तो पाहत नाही. लूक 22:31-32 घ्या, म्हणजे लूकच्या पुस्तकातला अध्याय 22, वचनं 31 आणि 32. येशू आपल्या शिमोन या शिष्याशी बोलतोय, पण सैतानाने चाळायला मागितलंय ते ‘तुम्हांला’, म्हणजे सगळ्या शिष्यांना. आणि प्रार्थना केली ती ‘तुझ्यासाठी’. दोन ओळींत माणसं बदलली. इंग्रजीत हे वाहून जातं.

आता सगळ्यांचं लाडकं यिर्मया 29:11. देवाचे संकल्प हिताचे आहेत, हे वचन नोकरीच्या मुलाखतीआधी हमखास पाठवलं जातं. तिथे ‘तुमच्याविषयी’ आहे आणि ते खरोखरच अनेकवचन आहे. यरुशलेमेतून बाबेलला बंदी करून नेलेल्या लोकांना यिर्मया संदेष्ट्याने धाडलेलं हे पत्र. आदल्याच अध्यायात हनन्या नावाचा संदेष्टा दोन वर्षांत सुटका सांगून गेलाय. यिर्मया म्हणतो, सत्तर वर्षं. तोवर घरं बांधा, मळे लावा, लग्नं करा. ऐकणाऱ्यांतल्या बऱ्याच मोठ्या माणसांना परतीचा दिवस दिसणारच नव्हता. आशा खरी आहे, पण ती एका समाजाला दिलेली आणि लांबची आहे. सोमवारच्या मुलाखतीची हमी तिच्यातून काढणं म्हणजे हनन्याच्या बाजूला जाऊन बसणं.

उलट चूकही होते. ‘तू’ दिसलं की एकटा माणूस, असं समजू नका. निर्गम 20 मधल्या देवाच्या दहा आज्ञा ‘तू’ म्हणून आहेत, पण तो ‘तू’ मिसरातून (इजिप्तमधून) बाहेर काढलेलं अख्खं इस्राएल राष्ट्र आहे. आणि आदरार्थी रूप आलं तर ऐकणारे किती, ते आसपासच्या ओळींतून ठरवा. शंका राहिली तर दुसरं मराठी भाषांतर शेजारी ठेवा. पंडिता रमाबाईंनी मूळ हिब्रू-ग्रीकवरून केलेलं मिळालं तर उत्तमच.

यानंतरच ‘माझ्यासाठी काय?’ विचारा. दहावीच्या हॉल तिकिटाला चिकटवलेलं फिलिप्पै 4:13, ‘मला सामर्थ्य देणाऱ्याच्या बळावर मी सगळं करू शकतो’, त्याच्या आधीच्या दोन ओळींसह वाचा. पौल बंदिवासात आहे. भरल्या पोटी आणि उपाशी, दोन्ही वेळी समाधानी राहायला शिकलो, असं सांगतोय. पेपर अवघड गेला तरी हे वचन लागू पडतं. किंबहुना तेव्हाच जास्त.