लेकीचा फोटो बिघडवून कुणी धमकावलं तर पहिल्या रात्री काय करायचं

लातूरला मी मुलींचं वसतिगृह चालवते. नीटच्या तयारीला आलेल्या सोळा-सतरा वर्षांच्या मुली. कुणी अहमदपूरची, कुणी थेट किनवटची, कुणाचे आईवडील दिवाळीनंतर ऊसतोडीला गेलेले. थंडीतल्या एका रात्री साडेअकराला एकीनं दार वाजवलं. हातात मोबाइल होता, तोंडातून शब्द फुटेना. स्क्रीनवर चेहरा तिचा होता, अंग तिचं नव्हतं. खाली लिहिलेलं, सकाळपर्यंत पाच हजार टाक, नाहीतर गावच्या ग्रुपवर टाकतो. ती फोटोबद्दल काही बोललीच नाही. म्हणाली, "मावशी, पप्पाला सांगू नका. शिक्षण बंद करतेत."

धमकावणारा या भीतीवरच जगतो. म्हणून सगळ्यात आधी ही भीती हलकी करायची. तिला जवळ बसवा, पाणी द्या आणि स्पष्ट सांगा, "तू काही केलेलं नाहीस. तुझं शिक्षण बंद होणार नाही, त्याची जबाबदारी माझी." मोबाइल हिसकावून घेऊ नका. "तू असे फोटो टाकलेस कशाला" हा प्रश्न त्या रात्री नको आणि नंतरही नको. कपडे उतरवल्यासारखं चित्र बनवणाऱ्या एआय अ‍ॅपला समोरून काढलेला एक साधा फोटो पुरतो. आमच्या मुलीचा फोटो शिकवणीवाल्यांनी निकालाच्या फ्लेक्सवर आणि रीलमध्ये टाकला होता. खाली तिचं पूर्ण नाव, गाव, गुण. त्या माणसाला शोधाशोध करावीच लागली नाही.

आता पैसे. तिनं आम्हाला सांगायच्या आधी दोन हजार दिले होते. त्यानंतरच मागणी पाच हजारांवर गेली. एक रुपयाही देऊ नका. दिले गेले असतील तर लगेच १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर फोन करा. यूपीआयचा बारा अंकी व्यवहार क्रमांक हाताशी ठेवा, कारण रक्कम पुढच्या खात्यांत सरकायच्या आत थांबवायची असते. समोरच्याशी वाद, विनवण्या, शिव्या, काहीच नको.

लगेच ब्लॉकही करू नका, आधी पुरावा. पाठवणारा आपले मेसेज दोन्हीकडून पुसू शकतो, म्हणून तारीख-वेळ दिसेल असे धमक्यांचे स्क्रीनशॉट तिथल्या तिथं काढा. खात्याचं वर दिसणारं नाव पाच मिनिटांत बदलता येतं. त्यामुळं प्रोफाइल उघडून त्याची लिंक कॉपी करून ठेवा, युजरनेम वहीत लिहा, फोन नंबर असेल तर तोही. हे झालं की ब्लॉक. पण चॅट पुसायची नाही आणि फोन फॉरमॅट तर मुळीच करायचा नाही, कुणीही सांगितलं तरी.

एक गोष्ट नीट लक्षात घ्या. मुलगी अठराच्या आतली असेल तर त्या फोटोची आणखी प्रत काढू नका आणि "बघा हो काय पाठवलंय" म्हणून मामाला, सरांना, कुणालाच पुढं पाठवू नका. तो आलाय त्या चॅटमध्येच राहू द्या आणि पोलिसांना तिथंच दाखवा. २०१९ च्या दुरुस्तीपासून पोक्सो, म्हणजे मुलांवरचे लैंगिक अत्याचार रोखण्याच्या कायद्यात कॉम्प्युटरवर बनवलेलं किंवा फेरफार केलेलं चित्रही धरलं जातं. ते बाळगणं, पसरवणं गुन्हा आहे. आणि असा गुन्हा कळल्यावर पोलिसांना कळवणं आपल्यावर बंधनकारक आहे. वसतिगृह चालवणाऱ्यांनी, शिक्षकांनी "घरचे मिटवून घेतील" म्हणून गप्प बसायची सोय कायद्यानं ठेवलेली नाही, आणि ते बरंच आहे.

फोटो पसरू नये म्हणून त्याच रात्री करता येण्यासारखं एक काम आहे. अठराच्या आतल्यांसाठी 'टेक इट डाउन' आणि वरच्यांसाठी 'स्टॉप एनसीआयआय' अशा दोन मोफत वेबसाइट आहेत. फोटो आपल्या मोबाइलमधून बाहेर जात नाही. त्याचा फक्त एक आकडी ठसा तयार होतो आणि तो फेसबुक, इन्स्टाग्रामसारख्या कंपन्यांकडे जातो. तोच फोटो कुणी टाकायला गेलं तर ठशावरून ओळखून अडवता येतो. व्हॉट्सअ‍ॅपवर मात्र याचा उपयोग नाही, तिथले मेसेज कंपनीला दिसत नाहीत. जिथं फोटो चढलाच आहे तिथं अ‍ॅपमध्येच तक्रार करा. नग्न किंवा बनावट केलेला फोटो तक्रारीनंतर चोवीस तासांत काढायची मुदत २०२१ च्या आयटी नियमांनी घालून दिली होती, फेब्रुवारी २०२६ मध्ये ती दोन तासांवर आणली गेली. तक्रार क्रमांक जपून ठेवा.

सकाळी पोलीस. आम्हाला ठाण्यात आधी ऐकावं लागलं, "कशाला वाढवता, अकाउंट बंद करा म्हणावं पोरीला." मी अर्ज दोन प्रतींत लिहून नेला होता. एकीवर पोच मागितली आणि दुपारी गुन्हा नोंद झाला. घेतलाच नाही तर तोच अर्ज पोस्टानं पोलीस अधीक्षकांकडं पाठवता येतो. हद्द कुणाची हा वाद घालत बसू नका, १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या नव्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेत कुठल्याही ठाण्यात नोंद घेण्याची तरतूद आहे. ऑनलाइन तक्रार सायबरक्राइम डॉट जीओव्ही डॉट इन वर, महिला आणि बालकांच्या विभागात, तिथं नाव न देताही करता येते. आयाबायांना सगळ्यात जास्त धास्ती ठाण्याची असते, म्हणून सांगते: पोक्सोमध्ये लेकराचा जबाब तिच्या घरी किंवा तिला बरं वाटेल तिथं घ्यायचा असतो, घेणारा अधिकारी गणवेशात नसतो, आणि तिला रात्री ठाण्यात ठेवता येत नाही. नावही छापता येत नाही.

नोव्हेंबर २०२३ मध्ये रश्मिका मंदानाचा बनावट व्हिडिओ फिरला तेव्हा देशभर आवाज उठला होता. आमच्या पोरीसाठी आवाज उठवायला तिचा बापच लागणार होता. सकाळी सातला मी फोन केला. तिला बाजूला बसवूनच, तिच्या संमतीनं. पहिलं वाक्य फार जपून बोला. मी म्हणाले, "दादा, पोरगी ठीक आहे, माझ्याजवळ आहे. एका माणसानं तिचा फोटो खोटा बनवून पैसे मागितलेत. तिनं लपवलं नाही, हे फार चांगलं केलं." पलीकडं बराच वेळ शांतता. मग एसटीनं दुपारपर्यंत आले. तिला रागावले नाहीत. पण मला म्हणाले, "मावशी, तिच्या फोनमधी असं काहीतरी टाका की मला गावाकडून सगळं दिसलं पाहिजे. खोलीत पण कॅमेरा बसवा."

बापाची तळमळ खरी होती. तरी मी नाही म्हणाले. फोनवर पाळत आहे म्हटल्यावर पुढच्या वेळी ती रात्री साडेअकराला कुणाचंच दार वाजवणार नाही. शिवाय पाळतीची दोरी कुणाच्या हातात जाईल हे आपल्या हातात राहत नाही. आमच्याकडच्या कितीतरी मुलींचा फोन भावानं घेऊन दिलेला असतो आणि त्यात गूगल खातंही त्याचंच असतं. म्हणजे फोटो, संपर्क, कुठं गेली, सगळं त्याच्याकडं जातं. मुलीच्या नावाचं वेगळं खातं काढून द्या. व्हॉट्सअ‍ॅपमध्ये 'लिंक केलेली डिव्हाइस' पाहा, गूगल मॅपमध्ये लोकेशन शेअरिंग पाहा. *#२१# लावल्यावर कॉल दुसरीकडं वळवलेत का ते दिसतं, ##००२# नं ते बंद होतात. पण पाळत ठेवणारा मारहाण करणारा असेल तर एकदम काही बंद करू नका, त्याला लगेच कळतं. आधी १८१ या महिला हेल्पलाइनवर दुसऱ्या फोनवरून बोला.

कॅमेऱ्यांचं मला स्वतःच्या चुकीतून कळलं. फाटक, जिना, स्वयंपाकघर इथं बसवले होते, आणि एक वरच्या व्हरांड्यात, न्हाणीघराकडं तोंड करून. बसवणाऱ्या पोरानं घालून दिलेला पासवर्ड तीन वर्षं तसाच होता. या प्रकरणानंतर व्हरांड्यातला काढून टाकला आणि अ‍ॅप उघडून कॅमेरे कोणकोणत्या फोनवर दिसतात ती यादी पाहिली. चार फोन निघाले. त्यातला माझा एकच होता.