थंडीच्या देशातला, न खणता जमिनीवर उभा केलेला स्विमिंग पूल किती वर्षं टिकतो, आणि तो टिकवायचा कसा

मुलुंड ते गोरेगाव पट्ट्यातल्या सोसायट्यांचे स्विमिंग पूल सांभाळणं हा माझा धंदा. मुंबईत पाणी गोठायचा प्रश्नच येत नाही. सांताक्रूझला आजवर नोंदलेलं सर्वांत कमी तापमान ७.४ अंश, तेही १९६२च्या जानेवारीत. तरी दर सप्टेंबरात मला फोन येतात, कारण आपल्याकडच्या कितीतरी घरांतली मुलं कॅनडा-अमेरिकेत आहेत आणि तिकडे मागच्या अंगणात पूल उभा करायची हौस असते. प्रश्न एकच, "काका, बर्फात हा किती वर्षं काढेल?" माझा दादा टोरंटोजवळ राहतो. त्याचा पूल बंद करताना आणि उघडताना मी व्हिडिओ कॉलवर असतो, आणि एका ऑक्टोबरात तिकडे असताना स्वतः हातही लावलाय.

आधी साधारण आयुष्य सांगतो. हवा भरून फुगणारा पूल एक-दोन हंगाम चालतो, फार तर तीन. पाइपांचा सांगाडा आणि त्यात कापड असलेला पूल चार-पाच वर्षं, पण थंडीआधी सोडवून घरात ठेवला तरच. गॅल्व्हनाइज्ड पत्र्याच्या भिंतीचा १० ते १५ वर्षं. रेझिनचे (कडक प्लास्टिकचे) खांब आणि पट्ट्या असलेला १५ ते २० किंवा पुढेही, कारण रेझिनला गंज लागत नाही. आतला विनाइल लायनर, म्हणजे पाणी धरणारं प्लास्टिकचं अस्तर, मात्र ६ ते १० वर्षांत बदलायचाच. लायनर गेला म्हणजे पूल गेला असं समजून लोक अख्खा पूल मोडीत काढतात, ते बघून जीव तुटतो.

आता मुख्य गोष्ट. नुसत्या थंडीने पूल जात नाही. पाणी गोठलं की सुमारे ९ टक्के फुगतं. वर मोकळी जागा असेल तर बर्फ वर सरकतो आणि फारसं काही बिघडत नाही. पंपाच्या पोटात, फिल्टरमध्ये, नळीच्या बाकात अडकलेल्या पाण्याला जागाच नसते, म्हणून ते प्लास्टिक फोडतं. पूल जगणार किती, हे तो बंद असतानाच्या सहा-सात महिन्यांत ठरतं.

सगळ्यात जास्त नुकसान होतं ते पूल रिकामा केल्याने. आपल्याला टाकी धुवायची म्हणजे आधी उपसायची, हीच सवय. वहिनीही तेच करायला निघाल्या होत्या.

"वहिनी, पाणी काढू नका."

"अहो भावजी, पण ते गोठणार ना?"

"गोठू दे. भिंत त्या पाण्याच्या जोरावरच उभी आहे."

पत्र्याची भिंत असते जेमतेम एक मिलिमीटरची, बऱ्याचदा त्याहून पातळ. आतून पाणी रेटतं म्हणून ती गोल आणि ताठ राहते. पूल रिकामा असला की जोराचा वारा तिला आत दुमडतो, आणि एकदा मुडपलेला पत्रा पुन्हा सरळ होत नाही. लायनरही पाण्याविना थंडीत आक्रसतो आणि वसंतात भरताना शिवणीवर फाटतो. म्हणून पातळी फक्त स्किमरच्या (भिंतीतल्या, वरचा कचरा ओढून घेणाऱ्या खिडकीच्या) तोंडाखाली चार-सहा इंच आणायची आणि रिटर्नच्या, म्हणजे गाळलेलं पाणी परत येतं त्या भोकाच्या, तोंडात बूच घट्ट बसवायचं. स्किमरला बाहेरून झाकणपट्टी लावणार असाल तर तेवढंही उतरवायची गरज नाही. पातळी फार खाली गेली तर कव्हरला खालून आधार मिळत नाही आणि बर्फाच्या वजनाने ते फाटतं. तुमच्या पूलच्या पुस्तिकेत पातळी दिली असेल तर तीच धरा.

बंद करायची घाई करू नका. पाणी १८ अंशांच्या खाली उतरू द्या, नाहीतर कव्हरखाली शेवाळ धरतं. तिकडे सप्टेंबरअखेर ते ऑक्टोबरचा पहिला पंधरवडा हा हिशेब बसतो. पानं काढा, तळ व्हॅक्यूम करा, पीएच ७.२ ते ७.६ आणि अल्कलिनिटी (पीएच स्थिर ठेवणारी क्षारता) ८० ते १२० पीपीएममध्ये आणा. हे काम कंटाळवाणं आहे, पण आम्लीय पाणी सहा महिने लायनरला लागून राहिलं तर विनाइलला सुरकुत्या पडतात आणि धातूचे भाग खाल्ले जातात. क्लोरीनचा शॉक, म्हणजे एकदम मोठा डोस, दिलात की तो उतरेपर्यंत थांबा, मगच झाका.

मग पंप आणि फिल्टर. पंपाचे सगळे ड्रेन प्लग काढा आणि पंपाच्या जाळीच्या टोपलीतच टाकून ठेवा, म्हणजे मे महिन्यात शोधाशोध होत नाही. सँड फिल्टरचा खालचा प्लग काढून पाणी पूर्ण जाऊ द्या, प्रेशर गेज काढून घरात न्या, मल्टिपोर्ट व्हॉल्व्हवर (फिल्टरवरच्या, पाण्याची वाट बदलणाऱ्या नळावर) 'विंटर' खूण असेल तर दांडा तिथे आणा. होज सोडवून झटका. पंप उचलता येतो, तर तो गॅरेजमध्येच ठेवा. गाडीचं अँटीफ्रीझ (पाणी गोठू न देणारं रसायन) पूलच्या नळ्यांत कधीही घालू नका, ते विषारी असतं.

कव्हर घालण्याआधी शिडी बाहेर काढा आणि मधोमध हवेची उशी तरंगत ठेवा. तिचं काम असं, की गोठताना फुगणारा बर्फ भिंतीला रेटण्याऐवजी मध्ये त्या उशीला दाबतो. ती गच्च फुगवू नका, अर्ध्याहून थोडी जास्त पुरे. गच्च उशी फुटते. दोन बाजूंना दोरीने बांधा, नाहीतर कडेला जाऊन बसेल. कव्हर केबल आणि विंचने (केबल ताणायच्या छोट्या चक्रीने) आवळा. काहीजण कव्हरच्या भोकांना पाण्याचे कॅन टांगतात. ते वाऱ्यात आपटून पत्र्याचा रंग उडवतात, आणि रंग उडाला तिथून गंज सुरू होतो.

हिवाळ्यात कव्हरवर साचलेलं पाणी छोट्या पंपाने काढत राहा. भुसभुशीत बर्फ मऊ झाडूने लोटा, फावडं नको. खालचा बर्फ फोडायला जाऊ नका, त्याच्या कडा लायनर कापतात.

सांगाड्याच्या पूलला यातलं काही लागत नाही, तो सोडवायचाच. पण विनाइल कडक होण्याआधी, उबदार दिवशी घडी घाला. थंडीत घातलेल्या घडीवर चीर पडते. आपल्याकडे कर्जत-नेरळच्या फार्महाउसवर जून लागायच्या आधी हेच काम असतं. मी कापड उलटं करून शिवणी जुन्या सुती पंचाने पुसतो, बोटाला ओल लागेनाशी झाली की टाल्कम पावडर मारतो आणि सैल घडी घालून पत्र्याच्या पेटीत ठेवतो. पेटी अशासाठी की उंदीर विनाइल कुरतडतात, आणि कुरतडलेली घडी उलगडली की एका भोकाची दहा भोकं होतात. पूल उभाच ठेवलात तर पावसाच्या साचलेल्या पाण्यात डेंग्यूचे डास होतील.

मुंबईकरांना आणखी एक कळकळीने सांगतो, हा पूल इमारतीच्या गच्चीवर लावू नका. ७६ सेंटिमीटर पाणी म्हणजे चौरस मीटरला ७६० किलो. वापरातल्या सपाट गच्चीसाठी भारतीय मानकात धरलेला भार साधारण १५० किलोचा आहे. स्ट्रक्चरल इंजिनिअरने लेखी दिल्याशिवाय पाइपही वर नेऊ नका.

तिकडे वसंतात कव्हर निघालं की सगळे पाण्याचा रंग बघतात. तुम्ही आधी भिंत बघा. दादाच्या पूलला स्किमरच्या खाली तपकिरी ओघळ उतरला होता, पेन्सिलच्या रेघेएवढा. मी कॉलवर त्याला मोबाइल अगदी जवळ न्यायला सांगितलं, तर वरच्या स्क्रूजवळ रंगाचे फोड दिसत होते. गॅस्केट (सांध्यातलं रबरी पॅकिंग) वाळून तडकलं होतं आणि थेंबथेंब पाणी पत्र्यामागे झिरपत होतं. गॅस्केट बदललं, गंज घासून प्रायमर आणि रंग लावला, भिंत वाचली. असाच ओघळ रिटर्नखाली बघा, आणि खालच्या पट्टीत जिथे माती-पानं साचतात तिथे खरवडून बघा. मिठावर चालणारा क्लोरिनेटर असेल तर दुप्पट लक्ष द्या, मीठ पत्र्याला लवकर खातं.

पत्रा आतून बघायची खरी संधी लायनर बदलताना मिळते. वाऱ्याचा दिवस टाळा, जुना लायनर निघाला की लगेच भिंतीवर हात फिरवा, डाग दिसेल तिथे स्क्रूड्रायव्हरच्या मुठीने ठोका आणि टोकाने दाबून बघा. वरवरचा गंज रंगाखाली जातो. ठोकल्यावर पत्रा दबला किंवा टोक आरपार गेलं, तर नवा लायनर त्यात घालू नका. २४ फुटी गोल पूलमध्ये चार फूट पाणी म्हणजे सुमारे ५० टन, आणि कुजलेली भिंत फुटते तेव्हा ते सगळं एकदम बाहेर येतं. त्या दिवशी त्या पूलचं आयुष्य संपलं असं धरा, मग तो सात वर्षांचा असो की सतरा.