व्हीपीएन चालू दिसतं, पण घरचं काहीच उघडत नाही: राउटरला हात लावण्याआधीची तयारी

घरच्या राउटरवर वायरगार्ड (बाहेरून घरच्या नेटवर्कमध्ये सुरक्षित शिरू देणारं व्हीपीएन) आहे, बाहेर असताना फोनवर किल्लीची खूणही दिसते, पण घरचा कॅमेरा उघडत नाही. अशा वेळी सेटिंग बदलत सुटू नका. ती खूण फक्त फोनचं ॲप चालू असल्याचं सांगते, पलीकडून उत्तर आलंय असं नाही.

आधी राउटरच्या सेटिंगचा बॅकअप घ्या आणि फाइल लॅपटॉपवरच ठेवा, कारण गडबड झाली तर नेमकं इंटरनेटच बंद असेल. लॅन केबल हाताशी असू द्या. दुरुस्ती घरी बसूनच करा. ज्या व्हीपीएनमधून आत आलात त्याचीच सेटिंग बदलली, तर परतीची वाट तुटते. चाचणीसाठी मात्र फोनचं वायफाय बंद करून मोबाइल डेटा वापरा, कारण घरच्याच वायफायवरून केलेली चाचणी फसवते.

मग कागदावर दोन्ही टोकांचे पत्ते लिहा. घरी १९२.१६८.१ आणि ऑफिसातही १९२.१६८.१ असेल, तर फोनला कॅमेरा शेजारीच आहे असं वाटतं आणि तो व्हीपीएनच्या बोगद्यात (फोन ते घर या बंद वाटेत) काही पाठवतच नाही. घरची पत्त्यांची मालिका बदला, म्हणजे १९२.१६८.७३ वगैरे. त्याआधी प्रिंटर, कॅमेरा अशा कायम पत्ता दिलेल्या वस्तूंची यादी करा, नाहीतर त्या हरवतील.

राउटरच्या स्टेटस पानावरचा वॅन पत्ता (राउटरला इंटरनेटच्या बाजूने मिळालेला) आणि इंटरनेटला दिसणारा आपला पत्ता ताडून पाहा. वॅन पत्ता १००.६४ ते १००.१२७ मधला असेल, तर इंटरनेट कंपनीने एकच सार्वजनिक पत्ता अनेक ग्राहकांत वाटलाय. मग पोर्ट फॉरवर्ड करून (बाहेरून आलेलं आत वळवून) उपयोग नाही. स्टॅटिक आयपी (कायमचा सार्वजनिक पत्ता) मागा, नाहीतर भाड्याच्या सर्व्हरवर घरच्या राउटरलाच बाहेर जोडू द्या. वॅन पत्ता १९२.१६८ ने सुरू होत असेल, तर फायबरचा डबाही राउटरचं काम करतोय. त्याला ब्रिज मोडवर टाका, म्हणजे तो राउटरचं काम सोडून नुसता जोडण्याचं काम करेल.

आता शेवटचा हँडशेक (दोन्ही टोकांनी एकमेकांना ओळखणं) कधी झाला ते राउटरवर बघा. तो झालेलाच नसेल, तर रूटिंग तपासण्यात वेळ घालवू नका; वायरगार्डच्या चाव्या, पत्ता आणि यूडीपी पोर्ट (वायरगार्डची पॅकेटं येण्याचं दार) तपासा. राउटरच बाहेरच्या सर्व्हरला जोडत असेल, तर त्याचं घड्याळही तपासा. वीज जाऊन आली की बॅटरी नसलेल्या राउटरचं घड्याळ मागे पडतं, आणि वायरगार्ड आधीपेक्षा जुन्या वेळेचा हँडशेक नाकारतो. त्यातच सगळी रहदारी बोगद्यातून पाठवत असाल, तर बरोबर वेळ विचारायलाही वाट उरत नाही. म्हणून टाइम सर्व्हर (बरोबर वेळ सांगणारा) आणि त्याचं डीएनएस (नावावरून पत्ता शोधणारी सेवा) बोगद्याबाहेर ठेवा.

हँडशेक ताजा असेल तर वायरगार्डच्या सेटिंगमधल्या 'अलाउड आयपी'कडे वळा. माझ्या मते सगळ्यात जास्त वेळ इथेच द्यावा. ही ओळ दोन कामं करते: कोणत्या पत्त्यांकडे जाणारं पॅकेट त्या पीअरला (पलीकडच्या टोकाला) द्यायचं, आणि त्या पीअरकडून कोणत्या पत्त्यांचं घ्यायचं. राउटरवर प्रत्येक फोनपुढे फक्त त्याचाच बोगद्यातला पत्ता हवा, शेवटी /३२ (म्हणजे एकच पत्ता) लावून. फोनमधलं ०.०.०.०/० (म्हणजे सगळे पत्ते) इथे दोन्ही फोनांपुढे चिकटवलं, तर नंतर लिहिलेला पीअर ते आधीच्याकडून काढून घेतो. मग आईचा फोन चालतो आणि बाबांचा बंद पडतो, एररही दिसत नाही.

पिंग (उत्तर येतंय का पाहणारी छोटी हाक) जातो पण पान अर्धवट लोड होऊन अडकतं? मग एमटीयू (एका पॅकेटचा कमाल आकार) बघा. नेहमीचा आकडा १४२०. पीपीपीओई (यूजरनेम-पासवर्ड टाकून जोडायच्या) जोडणीवर १४१२ ठेवा. आणि फक्त विंडोज संगणकच गप्प असेल, तर राउटरला सोडा: विंडोजचा फायरवॉल दुसऱ्या मालिकेतून आलेला पिंग सहसा अडवतो. त्या फायरवॉलमध्ये बोगद्याच्या मालिकेला परवानगी देऊन पुन्हा पिंग करा.