मुलांचा तंबू: निवडायचा कसा, मिटवायचा कसा

कोथरूडला माझं पाळणाघर आहे. तिथला तंबू रोज सकाळी उघडतो आणि रोज संध्याकाळी मिटतो. मुलं आत उड्या मारतात, झोपतात, खाऊ सांडतात, त्यानं तंबूला फारसं काही होत नाही. तंबू मोडतात ते आपल्या हातून, मिटवताना. म्हणून रंग आणि चित्रं बघण्याआधी तो मिटतो कसा हे बघा.

लाकडी काठ्यांचा सुती तंबू देखणा असतो, पण काठी सरकली की अख्खा अंगावर येतो. तीन वर्षांखालच्या मुलांसाठी तो नकोच. प्लास्टिकच्या नळ्यांचा चालतो, मात्र त्याचे सांधे हरवतात आणि सुटे मिळत नाहीत. फ्लॅटमध्ये राहणाऱ्यांनी सरळ स्प्रिंगच्या तारेचा, म्हणजे सोडला की आपोआप उभा राहणारा, घ्यावा.

मापासाठी टेप नको, फरशी मोजा. हॉलमधली फरशी दोन बाय दोन फुटी असेल तर चार फुटी तंबूला चार फरश्या लागतात, शिवाय चहूबाजूंनी हातभर मोकळी जागा. तुळशीबागेत घ्या नाहीतर ऑनलाइन, आयएसआय चिन्ह बघून घ्या. १ जानेवारी २०२१ पासून १४ वर्षांखालच्या मुलांच्या खेळण्यांना ते बंधनकारक आहे. दाराला चेन नको, साधा पडदा हवा. लांब लोंबणाऱ्या नाड्या नकोत, गळ्यात अडकतात. निदान दोन बाजूंना जाळी हवी. आणि तार ज्या नेफ्यातून जाते त्यावरून सगळीकडे बोट फिरवा. शिलाई एकेरी असेल तर तो तंबू परत ठेवा.

उघडणं सोपं आहे: पिशवीतून काढा, तोंडापासून लांब धरा, सोडा.

मिटवणं

‘आठाचा आकडा करा आणि दाबा’ हा सल्ला जिथे तिथे ऐकू येतो. तो ऐकू नका. आठ करून दाबलं की दोनच वेटोळी होतात, तारेत पीळ राहतो आणि हात सुटला की ती उसळते. वेटोळी तीनच व्हायला हवीत. हे मला उमगलं भवानी पेठेतल्या टिंबर मार्केटमध्ये. तिथे एक कारागीर बँडसॉचं, म्हणजे लाकूड कापायच्या पट्टा-करवतीचं, कड्यासारखं जोडलेलं लांबलचक पातं मिटवत होता. खालची कड पायाखाली, वरची कड जमिनीकडे, आणि जोर न लावता पात्याची तीन कडी झाली. तंबूची तारही अशीच मिटते.

आधी आडव्या दांड्या असतील तर काढा. मग सगळ्या बाजू वहीच्या पानांसारख्या एकावर एक आणा, कोपऱ्यावर कोपरा. एकही तार बाहेर राहिली तर पुढे जाऊ नका, पुन्हा जुळवा. ही पायरी लोक घाईत उरकतात आणि पुढचं सगळं बिघडतं.

आता ही सपाट चौकट उभी करा आणि खालची कड अनवाणी पायानं दाबून धरा. वरची कड मधोमध, दोन्ही हातांनी धरून पुढे वाकवत जमिनीकडे न्या. अर्ध्या वाटेवर डावी-उजवीकडे दोन कान फुगून बाहेर येतील. इथेच माणसं घाबरून सोडून देतात. सोडू नका. वरची कड खालीच दाबून ठेवा आणि एक कान दुसऱ्यावर सरकवा. तीन कडी एकमेकांवर बसतील. लगेच इलॅस्टिक अडकवा.

तार विरोध करते याचा अर्थ दिशा चुकली आहे. जोर वाढवू नका, पूर्ण सोडा आणि पहिल्यापासून सुरू करा. माझ्या पहिल्या तंबूवर मी गुडघा टेकवला होता. तारेला कोन पडला तो गेलाच नाही, आणि आठवड्याभरात ती तिथूनच नेफा फाडून बाहेर आली, एका मुलाच्या गालापासून चार बोटांवर. तेव्हापासून मिटवताना मुलं दुसऱ्या खोलीत असतात. तंबू घरी आणल्यावर तो मुलांना देण्याआधी दहा वेळा मिटवून बघा, हाताला वळण बसतं.

सांभाळणं

ओल्या फडक्यानं पुसा. वॉशिंग मशीनमध्ये घालू नका.

पुण्यात जून ते सप्टेंबर खरा शत्रू म्हणजे दमटपणा. पिशवीत ओलसर गेलेल्या कापडावर बुरशीचे काळे ठिपके पडतात आणि ते निघत नाहीत. रात्रभर पंख्याखाली उघडा ठेवा, मगच भरा. पावसाळ्यात वापर नसला तरी पंधरा दिवसांनी एकदा उघडा. एप्रिल-मेच्या उन्हात मात्र कापड विटतं आणि कमजोर होतं, तेव्हा गच्चीवर सकाळी नऊपर्यंतच. वळवाचा वारा सुटला तर आधी मुलांना बाहेर काढा, तंबू मग. हलका तंबू पतंगासारखा उडतो. दिवाळीत पणत्या आणि फुलबाज्या असतील तिथे तो उघडूच नका. हे कापड क्षणात पेट घेतं आणि वितळून अंगाला चिकटतं. आत दिवे हवेत तर बॅटरीवरची एलईडी माळ लावा.

पिशवी खिळ्याला टांगा, गादीखाली दडपू नका. नेफ्याची शिलाई उसवली तर अल्टरेशनवाल्याकडून दुहेरी टीप मारून घ्या, चिकटपट्टी टिकत नाही. तारेचं टोकच बाहेर आलं असेल तर तंबू संपला. कापड कापा, वेटोळी सुतळीनं तीन ठिकाणी घट्ट बांधा आणि भंगारवाल्याला सांगून द्या. मोकळी तार कचऱ्याच्या पिशवीत टाकली तर ती उसळते कचरा न्यायला येणाऱ्या ‘स्वच्छ’ संस्थेच्या ताईंच्या तोंडावर.