जमीन कोणाची, सही कोणाची? ठाणे-नवी मुंबईत नगर रचनेच्या कामाला नव्याने लागणाऱ्यांसाठी

आर्किटेक्टच्या ऑफिसात, विकासकाच्या लायझनिंग विभागात किंवा थेट एखाद्या प्राधिकरणाच्या नगर रचना शाखेत नव्याने रुजू होणारी मुलं-मुली ऑटोकॅड शिकून आलेली असतात. ते बरंच आहे, पण इथे रेघ चुकली म्हणून फाइल क्वचितच अडते. अर्ज ज्या दारात टाकला त्या दाराचा त्या जमिनीशी संबंधच नसतो, किंवा तीन कागदांवर एकाच भूखंडाची तीन क्षेत्रफळं असतात, तेव्हा ती अडते. म्हणून फाइल हातात आली की नकाशा उघडण्याआधी तीन गोष्टी कागदावर लिहा: जमीन कोणाची, परवानगी कोणाची, आणि ना हरकत कोणाकोणाची.

नवी मुंबईत या तिन्हींची उत्तरं वेगवेगळी येऊ शकतात, आणि त्याला इतिहास आहे. सिडको १७ मार्च १९७० ला राज्य सरकारची कंपनी म्हणून स्थापन झाली आणि १९७१ मध्ये ती नवीन शहराचं विकास प्राधिकरण झाली. ठाणे आणि रायगड जिल्ह्यांतली ९५ गावं, सुमारे ३४४ चौरस किलोमीटर क्षेत्र. सिडकोने जमीन संपादन करून भूखंड पाडले आणि ते भाडेपट्ट्याने दिले, विकले नाहीत. १ जानेवारी १९९२ ला नवी मुंबई महापालिका आली आणि वाशी, नेरुळ, बेलापूरसारख्या नोडांतली (सिडकोने आखून वसवलेल्या विभागांतली) बांधकाम परवानगी पुढे तिच्याकडे गेली. जमिनीची मालकी मात्र सिडकोकडेच राहिली. त्यामुळे वाशीतल्या इमारतीचा नकाशा महापालिकेत जातो, पण वापरबदल, हस्तांतरण किंवा पुनर्विकास म्हटलं की सिडकोची ना हरकत लागते. नव्या माणसाला हे दुसऱ्या-तिसऱ्या महिन्यात कळतं. तोवर सोसायटीची फाइल दोन्ही ऑफिसांच्या मध्ये लोंबकळत असते.

पनवेलच्या बाजूला आणखी गंमत आहे. पनवेल महापालिका ऑक्टोबर २०१६ मध्ये स्थापन झाली, खारघर, कामोठे, कळंबोली तिच्या हद्दीत आले, पण सिडकोच्या नोडांचं नियोजन त्याबरोबर आपोआप महापालिकेकडे गेलं नाही. दिघ्यापासून शिरवण्यापर्यंत पसरलेल्या टीटीसी औद्योगिक पट्ट्यात एमआयडीसी स्वतःच नियोजन प्राधिकरण आहे, मग मालमत्ता कराचं बिल कोणीही पाठवो. विमानतळाच्या भोवतालच्या नैना क्षेत्रासाठी सिडको २०१३ पासून विशेष नियोजन प्राधिकरण आहे. पण तिथली जमीन शेतकऱ्यांची आहे, सिडकोची नाही. ‘सिडको’ एकच, तिची दोन रूपं: नोडमध्ये ती जमीनमालक, नैनात फक्त नियोजनकार. हा फरक डोक्यात पक्का नसेल तर नैनातल्या सातबाऱ्यावर भाडेपट्ट्याचा करार शोधण्यात वेळ जातो.

खाडीपलीकडे ठाणे महापालिकेत चित्र तुलनेने सरळ आहे. घोडबंदर रोडच्या दोन्ही बाजूंच्या बहुतेक जमिनी खासगी मालकीच्या, सातबारा किंवा प्रॉपर्टी कार्ड असलेल्या. अडचण तिथे वेगळी आहे: एका बाजूला संजय गांधी राष्ट्रीय उद्यान आणि त्याचं पर्यावरण संवेदनशील क्षेत्र, दुसऱ्या बाजूला खाडी आणि कांदळवन. मधल्या पट्टीतला प्रत्येक गट या दोघांपैकी कुणाला तरी शिवतो असं समजूनच सुरुवात करावी.

आता कागद. आमच्या मते नव्या माणसाने पहिले तीन महिने सॉफ्टवेअरवर न घालवता सातबारा, फेरफार (जमिनीच्या हक्कातल्या बदलांच्या नोंदी) आणि मोजणी नकाशा वाचण्यात घालवावेत. सॉफ्टवेअर कोणीही महिन्यात शिकतं. जुना हस्तलिखित फेरफार वाचायला जास्त वेळ लागतो, आणि तो शिकवणारा क्लास कुठे नसतो. ज्येष्ठ तलाठी किंवा भूमी अभिलेखमधला एखादा भूकरमापक बोलका भेटला तर चहा पाजा.

सातबाऱ्यावरचं क्षेत्र ०.२४.३० असं लिहिलेलं असतं: हेक्टर, आर, चौरस मीटर. म्हणजे शून्य हेक्टर, २४ आर, ३० चौरस मीटर, एकूण २,४३० चौरस मीटर. इथली नेहमीची चूक म्हणजे आर आणि गुंठा एकच धरणं. आर म्हणजे १०० चौरस मीटर, गुंठा म्हणजे १०१.१७ चौरस मीटर. वरच्या आकड्याला ‘२४.३० गुंठे’ म्हणून पुढे गेलात तर क्षेत्र जवळजवळ २८ चौरस मीटरने, म्हणजे तीनशेहून जास्त चौरस फुटांनी फुगतं. बोलताना मालक गुंठ्यात बोलणारच, तुम्ही लिहिताना चौरस मीटरमध्येच लिहा. मग पोटखराबा (लागवडीला अयोग्य भाग) वेगळा दाखवलाय का, भोगवटादार वर्ग १ की वर्ग २, इतर हक्कात कूळ, बँकेचा बोजा किंवा न्यायालयाचा दावा आहे का, हे बघा. वर्ग २ दिसला की सक्षम अधिकाऱ्याच्या परवानगीशिवाय हस्तांतरण झालं आहे का, हे फेरफारात शोधा. हे उशिरा सापडलं तर सगळी फाइल मागे जाते.

तेच उदाहरण पुढे नेऊ. सातबारा म्हणतो २,४३०. भूमी अभिलेखच्या मोजणी नकाशावर २,३९६. तुमच्या टोटल स्टेशन सर्व्हेत कुंपणाच्या आतलं क्षेत्र २,४४१. नवा ड्राफ्ट्समन हमखास तिसरा आकडा घेतो, कारण तोच ड्रॉइंगमध्ये आहे. डिसेंबर २०२० पासून लागू झालेल्या एकत्रीकृत विकास नियंत्रण नियमावलीतला क्षेत्र विवरणाचा तक्ता स्पष्ट सांगतो: मालकीचा कागद, मोजणी आणि जागेवरचं क्षेत्र, या तिन्हींत जे कमी तेच धरायचं. म्हणजे २,३९६. जागेवर ४५ चौरस मीटर जास्त दिसतात याचा अर्थ बहुधा एवढाच, की कुंपण शेजाऱ्याच्या हिश्श्यात गेलं आहे. ते आत्ताच सांगा. जोते तपासणीच्या वेळी शेजारी हरकत घेऊन उभा राहिला की सामासिक अंतरच (इमारतीभोवती मोकळं सोडायची जागा) बदलतं.

यातून विकास योजनेतल्या रस्त्याखाली जाणारं क्षेत्र, समजा १८० चौरस मीटर, वजा केलं की २,२१६ उरतात. दाटीवस्तीबाहेरच्या भूखंडाला मूळ एफएसआय (भूखंडाच्या क्षेत्राच्या किती पट बांधकाम करता येतं ते प्रमाण) १.१० धरला तर २,४३७.६० चौरस मीटर. त्यावर प्रीमियम (पैसे भरून मिळणारा एफएसआय) आणि टीडीआर (दुसऱ्या जागेवरून आणलेला विकास हक्क) किती चढेल हे समोरच्या रस्त्याच्या रुंदीवर ठरतं. नऊ मीटरपेक्षा कमी रस्ता असेल तर दोन्ही नाहीत. महापालिका हद्दीत रस्ता १५ मीटरच्या पुढे आणि २४ च्या आत असेल तर सगळं मिळून कमाल मर्यादा २.५० पर्यंत जाते, आणि ३० मीटर किंवा अधिक असेल तर ३.०० पर्यंत. त्याशिवाय निवासीसाठी ६० टक्के आणि अनिवासीसाठी ८० टक्के पूरक म्हणजे अॅन्सिलरी एफएसआय प्रीमियम भरून मिळतो. म्हणून रस्त्याची रुंदी अंदाजाने लिहू नका. झोन दाखला आणि भाग नकाशा नगर रचना विभागातून मागवा आणि रस्त्याची आखणी जागेवर करून घ्या. बारा मीटर समजलेला रस्ता साडेअकरा निघाला की विकासकाचं सगळं गणित कोसळतं, आणि दोष तुमच्या माथी येतो.

हे गणित सिडकोच्या भाडेपट्ट्याच्या भूखंडाला जसंच्या तसं लावू नका. तिथे आधी करार वाचायचा: दिलेला वापर, दिलेला एफएसआय, बांधकाम पूर्ण करण्याची मुदत. मुदत उलटली असेल तर अतिरिक्त भाडेपट्टा अधिमूल्य भरल्याशिवाय पुढचं पान उलटत नाही. त्या रकमेचा विषय मालकाकडे पहिल्याच बैठकीत काढा, भोगवटा प्रमाणपत्राच्या वेळी नको. एमआयडीसी आणि नैना या नियमावलीतून सुरुवातीलाच वगळलेली आहेत, त्यांचे नियम वेगळे.

साडेबारा टक्क्यांचे भूखंड, म्हणजे संपादित जमिनीच्या साडेबारा टक्के विकसित जमीन मूळ मालकाला परत देण्याची योजना, हा स्वतंत्र विषय आहे. जानेवारी १९८४ च्या जासईच्या आंदोलनात पाच जणांचे जीव गेले, त्या लढ्यातून प्रकल्पग्रस्तांना विकसित जमीन परत देण्याचं तत्त्व पुढे आलं, ते आधी समजून घ्या. गावातल्या माणसाशी बोलताना ‘तुमची स्कीम’ असं तुटक बोलणं बरं दिसत नाही. हिशेब असा: साडेबारातले ३.७५ टक्के सामाजिक सुविधांसाठी वजा होतात, हातात ८.७५ टक्के येतात. एक एकर, म्हणजे ४,०४७ चौरस मीटर संपादित झाली असेल तर सुमारे ३५४ चौरस मीटर. या फाइलींमध्ये तांत्रिक काम कमी, वारसांचं काम जास्त. मूळ खातेदार गेलेला, वारस आठ-दहा, त्यातल्या एकीची सही नाही, आणि मधल्या काळात दोघांनी दोन वेगवेगळ्या विकासकांशी करार केलेला. वारस दाखला, वाटप पत्र आणि त्रिपक्षीय करार यांतली नावं एकेक अक्षर ताडून पाहा. ‘म्हात्रे’ आडनावाची, एकच पहिलं नाव असलेली दोन माणसं एकाच गावात असणं मुळीच अशक्य नाही. वडिलांचं नाव आणि सर्व्हे-हिस्सा जुळल्याशिवाय पुढे जाऊ नका.

नैनात नगर रचना योजना चालतात. तिथे संपादन नसतं. सगळ्यांच्या जमिनी एकत्र धरून रस्ते, बागा, सुविधा काढल्या जातात आणि मालकाला मूळ भूखंडाच्या ४० टक्के आकाराचा अंतिम भूखंड मिळतो. एकराला साधारण १,६१९ चौरस मीटर. शेतकऱ्याचा पहिला प्रश्न ‘साठ टक्के गेले कुठे?’ हाच असतो, आणि रस्त्याला लागलेला, नियमित आकाराचा, जास्त एफएसआय असलेला भूखंड म्हणजे काय हे त्याच्याच गटाचा नकाशा समोर ठेवून सांगावं लागतं. सादरीकरणातल्या रंगीत चित्रांनी ते काम होत नाही. तुमचं खरं काम मालक आणि भूखंडांच्या तक्त्यात आहे: नाव, हिस्सा, धारणाधिकार, मूळ क्षेत्र, अंतिम भूखंड क्रमांक. एका गटातले दोन भावांचे हिस्से एकत्र दाखवले गेले की पुढे लवादासमोर वर्ष जातं. मसुदा योजना प्रसिद्ध झाल्यावर हरकतीला ३० दिवस मिळतात. त्या काळात तक्ता गावात वाचून दाखवला तर निम्म्या चुका तिथेच सापडतात.

ना हरकतींपैकी एकच जवळून पाहू, कारण तीत सर्वाधिक गोंधळ होतो: विमानतळ प्राधिकरणाची उंचीची ना हरकत. नवी मुंबई विमानतळामुळे आता उलवे, पनवेल, बेलापूरपर्यंत ती महत्त्वाची झाली आहे. त्यात परवानगी मिळते ती समुद्रसपाटीपासूनच्या उंचीची, जमिनीपासूनच्या नाही. जागेची पातळी ६ मीटर आणि इमारत ९० मीटर असेल तर अर्जात वरचं टोक ९६ मीटर. त्या ९० मध्ये लिफ्टची मशिन रूम, पाण्याची टाकी, वीजरोधक दांडा हे सगळं धरलेलं हवं. गच्चीची उंची लिहून अर्ज केला तर परवानगी हातात असूनही टाकी बांधता येत नाही. अक्षांश-रेखांश डब्ल्यूजीएस-८४ या जागतिक संदर्भ प्रणालीमध्ये, भूखंडाच्या कोपऱ्यांचे, मोबाइलवरून न घेता सर्व्हेयरकडूनच घ्या.

खाडीलगतच्या भूखंडाला मंजूर किनारा व्यवस्थापन नकाशावर भूखंडाची हद्द बसवून पाहिल्याशिवाय हातच लावू नका. कांदळवनाभोवती ५० मीटरचा पट्टाही मोजायचा. आणि एक गोष्ट बाहेरून आलेल्यांना ठाऊक नसते: या नोडांचा बराच भाग भरतीच्या पातळीखालच्या खाजणावर उभा आहे, म्हणून भरतीच्या वेळी पावसाचं पाणी साठवायला होल्डिंग पाँड ठेवलेले आहेत. त्यांच्या जवळ काम असेल तर जोत्याची पातळी जलनिःसारण विभागाला विचारूनच ठरवा.

करिअरचं थोडक्यात. सरकारी बाजूने रचना सहायक आणि सहायक नगर रचनाकार ही सुरुवातीची पदं. पहिल्याला स्थापत्य किंवा वास्तुशास्त्राची पदविकाही चालते, दुसरं एमपीएससीमार्फत भरलं जातं. महापालिकेत नगर रचनेचा प्रमुख बहुधा राज्याच्या नगर रचना विभागातून प्रतिनियुक्तीवर आलेला सहायक संचालक असतो. सगळे त्यांना एडीटीपी म्हणतात. खासगीत पगार लवकर वाढतो, पण तिथे तुम्हाला नियम एका बाजूनेच दिसतो. दोन वर्षं तरी प्राधिकरणाच्या टेबलामागे बसायची संधी मिळाली, अगदी कंत्राटी असली, तरी घ्यावी असं आमचं मत. त्रुटीपत्र लिहिणारा माणूस काय शोधतो हे कळलं की पुढच्या फाइलींना त्रुटीच कमी निघतात.

त्रुटीपत्राबद्दल सांगायचं तर, उत्तर तुकड्या-तुकड्याने देऊ नका. सगळे मुद्दे, त्याच क्रमांकाने, सोबत जोडलेल्या कागदाचा पान क्रमांक देऊन, एकदाच. आवक शिक्का मारलेली प्रत जपा. महाराष्ट्र प्रादेशिक व नगर रचना (एमआरटीपी) कायद्याच्या कलम ४५ मध्ये ६० दिवसांत निर्णय न आल्यास परवानगी मानीव समजण्याची तरतूद आहे, पण नकाशा नियमांत बसत नसेल तर तिचा उपयोग शून्य, तिच्या भरवशावर पाया खणू नका. नकार आलाच तर कलम ४७ खाली सरकारकडे अपिलाला ४० दिवस असतात, आणि ते नकाराचं पत्र हातात पडल्यापासून मोजले जातात. त्यामुळे ‘साहेब साइटवर आहेत, उद्या या’ म्हणून टपाल घ्यायला टाळाटाळ होत असली, तरी पत्र मिळाल्याची तारीख पाकिटावर त्याच दिवशी लिहा आणि पाकीट फाइलीतच टाचून ठेवा.